राखलेले राज्य, लिहिलेले राज्य

(भिवंडी येथे वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते इतिहास शिकवताना फळ्यावर तीन रकाने आखत. पहिल्या रकान्याला ‘लढला’ असे नाव, दुसऱ्याला ‘कारभार केला’ आणि तिसऱ्याला ‘लिहून ठेवले’. धड्यात कुणी मोठा माणूस आला की आम्ही पोरांनी त्याच्या नावापुढे खुणा करायच्या. पहिला रकाना भराभर भरायचा. दुसऱ्यात थोड्या खुणा पडायच्या. तिसरा रकाना आठवडेच्या आठवडे कोरा राहायचा. गुरुजी त्या कोऱ्या जागेकडे खडूने बोट दाखवत आणि काही न बोलता पुढच्या धड्याकडे वळत.

तिन्ही रकान्यांत खूण पडावी असा एक माणूस आपल्याच परिसरातून उठला होता. रामचंद्रपंत अमात्य हे त्यांचे नाव. त्यांचे घराणे मूळचे कल्याण-भिवंडीजवळच्या कोळवणातले. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत ते होते. राजाराम महाराजांनी त्यांना ‘हुकूमतपनाह’ हा किताब दिला आणि ‘आज्ञापत्र’ हा मराठी राजनीतीचा ग्रंथ त्यांच्या नावावर आहे. आजचे व्याख्यान त्यांच्यावर आहे, आणि खरे सांगायचे तर त्यांच्या तिसऱ्या रकान्यावर आहे.

सुरुवात आपल्या खाडीपासून करू. 24 ऑक्टोबर 1657 रोजी कल्याण आणि भिवंडी स्वराज्यात आली. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या राज्याला त्या दिवशी समुद्राकडे जाणारी वाट मिळाली. पुढच्या दोनच वर्षांत पोर्तुगीजांच्या पत्रव्यवहारात काळजीचा सूर उमटला. शहाजीच्या मुलाने वसई-चौलच्या बाजूचा मुलूख घेतला आहे आणि भिवंडी, कल्याण, पनवेल या बंदरांत तो लढाऊ गलबते बांधतो आहे, असे 1659 मधले त्यांचे पत्र सांगते. मराठी आरमाराच्या जन्मनोंदीत आपल्या गावाचे नाव आहे, ते असे. आज कामवारी नदीच्या पुलावरून जाताना हे कुणाच्या मनात येत नाही, यात आपला दोष नाही. आपल्याला कुणी ते सांगितलेच नाही.

या कल्याण प्रांताच्या कारभाराशी जे नाव कायमचे जोडले गेले ते आबाजी सोनदेवांचे. आबाजींचे भाऊ निळो सोनदेव. कुलकर्णाच्या वहीपासून सुरुवात करून हे घराणे राज्याच्या जमाखर्चापर्यंत पोहोचले. निळोपंतांचे धाकटे चिरंजीव म्हणजे रामचंद्रपंत. जन्म 1650 च्या सुमाराचा. 1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा अमात्यपद निळोपंतांच्या मुलांकडे होते. मजमुदार या जुन्या फारसी नावाला तिथे अमात्य हे संस्कृत नाव मिळाले. काम मात्र तेच राहिले. राज्यात किती आले, किती गेले, कुठे गळती आहे, हे डोळ्यांत तेल घालून पाहणे. पंतांची ही हिशेबी नजर ध्यानात ठेवा. पुढे त्यांनी जे लिहिले त्याच्या ओळीओळीत ती दिसते.

पंतांच्या आयुष्यातली खरी परीक्षा 1689 साली आली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला संगमेश्वरी छत्रपती संभाजी महाराज पकडले गेले. 11 मार्चला त्यांची क्रूर हत्या झाली. राजाराम महाराजांना रायगड सोडावा लागला आणि वर्ष सरायच्या आत ते शेकडो कोस दक्षिणेला जिंजीच्या किल्ल्यात पोहोचले. नोव्हेंबरात रायगड पडला. महाराणी येसूबाई आणि बाल शाहू औरंगजेबाच्या कैदेत गेले. राजधानी गेली, खजिना गेला आणि राजा दूर तमिळ मुलखात. समोर हिंदुस्थानचा बादशहा स्वतः दख्खनेत तळ ठोकून बसलेला.

अशा वेळी इथे महाराष्ट्रात राज्य म्हणून उरले ते काय? उरली विशाळगडावरून निघणारी पत्रे. राजाराम महाराजांनी इकडचा सगळा अधिकार रामचंद्रपंतांच्या हाती सोपवला. ‘हुकूमतपनाह’ म्हणजे हुकमाचा आसरा. राजाला विचारून निर्णय घ्यायचा तर जासूद जिंजीला जाऊन परत येईपर्यंत गड हातचा जायचा, म्हणून राजाच्या वतीने हुकूम देण्याचा अधिकार त्या नावात होता. जोडीला शंकराजी नारायण सचिव, परशुराम त्र्यंबक, आणि मैदानात संताजी घोरपडे व धनाजी जाधव. 1690 च्या मे महिन्यात साताऱ्याजवळ मोगलांचा नामांकित सरदार रुस्तमखान आपल्या कबिल्यासह मराठ्यांच्या हाती लागला. त्या मोहिमेत संताजी-धनाजींबरोबर पंतही होते. प्रतापगड, राजगड, तोरणा असे गड एकामागून एक परत आले. रायगड पडल्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते.

पंत लढले, म्हणून त्यांच्या नावापुढे पहिल्या रकान्यात खूण करू. पण त्या काळात लढणारे हजारो होते. त्यांचे वेगळेपण दुसऱ्या रकान्यात आहे. संताजींच्या घोड्यांना दाणावैरण कुठून येते, गडावर किती महिन्यांचे धान्य आहे, फौजेचा पगार कसा भागवायचा, रयतेला पुन्हा गावात कसे बसवायचे, ही काळजी विशाळगडावर वाहिली जात होती. 1697 च्या अखेरीस राजाराम महाराज जिंजीतून निसटून परत आले, तेव्हा त्यांना बसायला राज्य शिल्लक होते. ते आपोआप शिल्लक राहिले नव्हते.

मार्च 1700 मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे देहावसान झाले. त्यांच्या राणी ताराराणींनी राज्याची सूत्रे हाती घेतली आणि सात वर्षे औरंगजेबाला झुंजवले. 1707 मध्ये अहमदनगरला बादशहा मेला, शाहू सुटून आले आणि मराठ्यांची दोन घरे झाली. पंत ताराराणींच्या बाजूला राहिले. पण 1714 मध्ये पन्हाळ्यावर सत्तापालट झाला. ताराराणी आणि त्यांचे पुत्र नजरकैदेत गेले, राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाई यांचे पुत्र संभाजी गादीवर आले. या पालटात पंतांचा हात होता, असे मानले जाते. त्याचे समर्थन मी करणार नाही. जिच्या राज्यासाठी त्यांनी सात वर्षे हाडे झिजवली, त्याच राणीला कैदेत जाताना त्यांनी पाहिले. व्याख्यानात ही गोष्ट वगळली तर मी तुमच्यापुढे माणूस न ठेवता पुतळा ठेवला, असे होईल.

आता तिसरा रकाना. 1715 साली पंतांचे वय पासष्टीच्या आसपास होते. गादीवर सतरा वर्षांचा राजा. शिवाजी महाराजांच्या दरबारात बसलेली माणसे एकेक करून काळाआड गेली होती. गड कसा बांधतात, प्रधान कसा निवडतात, फिरंग्याशी कसे वागतात, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले होते त्यांच्यातला कदाचित हा शेवटचा जाणता. त्या नोव्हेंबरात आज्ञापत्र तयार झाले. पुढच्याच वर्षी, 1716 मध्ये, पंत वारले. त्यांची समाधी पन्हाळ्यावर आहे. आज्ञापत्राच्या लेखकत्वावरून अभ्यासकांत वाद झाले आहेत, पण बहुतेकांनी ते पंतांच्याच पदरात घातले आहे. वाचताना मलाही दुसरे कुणाचे नाव सुचत नाही, कारण त्यात बोलणारा माणूस गड चढलेला आणि वह्या तपासलेला आहे.

आज्ञापत्रात नऊ प्रकरणे आहेत. आधी राज्याची हकीकत आणि मग राजा, प्रधान, सावकार, वतनदार, वृत्तिवंत, दुर्ग आणि आरमार. विषय थोर आहेत, पण पंत थोर शब्दांत रमत नाहीत. दुर्गाचे प्रकरण घ्या. गड बांधण्याआधी पाणी पाहा, म्हणतात. नुसत्या झऱ्यावर विसंबू नका, लढाईत तोफांच्या धडाक्याने झरे आटू शकतात, म्हणून खडक फोडून टाकी करा आणि ती राखीव ठेवा. दारूखाना वस्तीपासून लांब ठेवा. गडावर झाडे लावा, अडचणीला लाकूड गडावरच मिळेल. एवढेच नाही, वाटेवरचा आणि बाजारातला केर गडाखाली न फेकता जागच्या जागी जाळा, ती राख परसात टाका आणि भाज्या लावा. ज्याने बादशहाशी सामना केला तो केराचाही विचार करतो आहे! कारण त्याला ठाऊक आहे की गड एका दिवसाच्या हल्ल्याने क्वचित पडतो. तो रोजच्या हयगयीने पडतो.

आरमाराचे प्रकरण वाचताना मला आपली खाडी दिसते. जहाजाला सागवान लागते, ते रानातून परवानगीने आणावे. आंबा-फणसाचे लाकूडही जहाजाच्या कामाचे असते, पण त्याला हात लावू नये. ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात. ती तोडून मिळवलेले लाकूड म्हणजे रयतेचा शाप. एखादे झाड जीर्णच झाले असेल तर धन्याला राजी करून, पैसे मोजून घ्यावे. विचार करा, तीनशे वर्षांपूर्वीचा हा राजनीतीचा ग्रंथ आहे. लढाऊ जहाजापेक्षा शेतकऱ्याच्या दारातला आंबा मोठा, हे लिहिणारा सेनानी जगाच्या इतिहासात मला फार सापडत नाही.

सावकारांच्या प्रकरणात टोपीकरांबद्दलचा इशारा आहे. पोर्तुगीज, इंग्रज, वलंदेज, फरासीस हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या प्रत्येकाच्या पाठीशी एकेक राजा आहे. व्यापाराच्या मिषाने येऊन हे लोक जागा धरतात, पक्की घरे बांधतात आणि धरलेली जागा मरेपर्यंत सोडत नाहीत. म्हणून त्यांना खाडीकिनारी ठाव देऊ नये, आरमाराचे आणि गडाचे बळ त्यांच्या हाती लागू देऊ नये. वखारीला जागा द्यायचीच तर ती आतल्या मुलखात, आपल्या नजरेखाली.

भिवंडीच्या माणसाला या इशाऱ्याचा अर्थ पुस्तकातून शोधावा लागत नाही. वसईचे पोर्तुगीज आपले शेजारी होते. आपल्या तालुक्यातल्या अंजूरच्या गंगाजी नाईकांनी साष्टी मुक्त करण्यासाठी जिवाचे रान केले आणि पेशव्यांचे लक्ष या मुलखाकडे वळवले. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि विजयानंतर आपल्या वज्रेश्वरीचे देऊळ बांधून नवस फेडला. तिथवर पंतांचा शब्द पाळला गेला. पुढे काय झाले? 1756 मध्ये खुद्द पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरले आणि विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. आपलेच आरमार, आणि टोपीकराच्या मदतीने! 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला आणि साष्टी घेतली. 1802 च्या अखेरच्या दिवशी ज्या तहाने पेशवाईने इंग्रजांचे ओझे गळ्यात घेतले, तो तहही झाला वसईलाच. पंतांनी सावध केले होते, पण पेशवाईने ती सावधगिरी पाळली नाही.

माझ्या मते आज्ञापत्राचे हृदय मात्र वतनदारांच्या प्रकरणात आहे. पिढीजात हक्क सांभाळणारे वतनदार म्हणजे लहान-लहान राजेच, असे पंत मानतात. त्यांना वरचा धनी बळकट नको असतो. परचक्र आले की वतन राखण्यासाठी ते शत्रूला आधी जाऊन मिळतात. हे इतके कठोर का लिहिले, याचे उत्तर पंतांच्या आयुष्यात आहे. जिंजीच्या काळात औरंगजेब मराठा सरदारांना वतनांचे आमिष दाखवून फोडत होता. ते थांबवायला राजाराम महाराजांनाही इनामे आणि वतने वाटावी लागली. शिवाजी महाराजांनी जे आवरले होते, ते राज्य वाचवण्यासाठी पुन्हा मोकळे सोडावे लागले. ही वाटणी ज्यांच्या कारभारात झाली, त्यांत पंत होते. त्या कागदांना त्यांचाही हात लागला होता. म्हणून या प्रकरणात मला उपदेश ऐकू येत नाही. नाइलाजाने जे करावे लागले त्याची किंमत मोजलेला कारभारी इथे पुढच्या पिढीला सांगतो आहे की हे तुम्ही चालू ठेवू नका. हिशेबाच्या वहीत तूट लपवायची नसते. पंतांनी ती लपवली नाही.

मित्रहो, हे केवळ आपल्याकडे घडले असे नाही. यूरोपातल्या पोलंडचे उदाहरण घेऊ. तिथल्या सभेत एका जरी सरदाराने हरकत घेतली की सगळी सभा मोडायची. त्या एका अधिकाराने राज्य आतून पोखरले. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या शेजाऱ्यांनी 1772 मध्ये पहिला लचका तोडला. तेव्हा तिथला यूलियन उर्सिन नेम्त्सेविच नावाचा मुलगा चौदा वर्षांचा होता. पुढे तो सभेचा सभासद झाला. जुन्या सरदारशाहीला आरसा दाखवणारे त्याचे नाटक 1791 च्या जानेवारीत रंगभूमीवर आले. त्याच वर्षी 3 मे रोजी पोलंडने नवी राज्यघटना केली आणि एकट्याच्या हरकतीने सभा मोडण्याचा तो घातक अधिकार काढून टाकला. तोवर फार उशीर झाला होता. 1794 मध्ये ताडेउश कोश्चुश्कोने उठाव केला, नेम्त्सेविच त्याच्या बाजूला उभा राहून लढला. मात्सेयोवित्सेच्या लढाईत जखमी होऊन दोघेही रशियनांच्या हाती पडले आणि सेंट पीटर्सबर्गच्या किल्ल्यात कैदेत गेले. 1795 मध्ये पोलंड नकाशावरून पुसला गेला, तो 1918 पर्यंत.

कैदेतून सुटलेल्या त्या सैनिकाने पुढे काय केले? त्याने लिहिले. 1816 मध्ये त्याने आपल्या देशाच्या राजांच्या आणि वीरांच्या कथा गीतांत बांधून प्रसिद्ध केल्या. राज्य नसलेल्या देशातली मुले घराघरांत ती गीते म्हणत वाढली. नेम्त्सेविच 1841 मध्ये पॅरिसला परमुलखात वारला. देश परत आलेला त्याने पाहिला नाही. पण परत येण्यासाठी काहीतरी जिवंत राहावे लागते, ते त्याने राखले.

पंत आणि नेम्त्सेविच यांची गाठ पडणे शक्यच नव्हते, त्यांच्यात शतकाचे अंतर आहे. तरी दोघांचा एक विचार सारखा होता. बाहेरचा शत्रू दिसतो, आतला वतनदार दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते दाखवायला लेखणी लागते. इतिहासाने त्यात एक धागा आणखी विणला. दुसऱ्या महायुद्धात बेघर झालेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुले, 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. पन्हाळ्याच्या ज्या गादीसाठी पंतांनी आज्ञापत्र लिहिले, तिच्याच कोल्हापूर संस्थानात. तिथे त्यांनी काय उभे केले, तर पोलिश भाषेतल्या शाळा. घर गेलेल्या माणसांनी आधी मुलांच्या हाती पाटी दिली. तिसरा रकाना त्यांनी कोरा ठेवला नाही.

आता मी तुमच्याकडे वळतो. भिवंडीकडे आज काय नाही? इथे यंत्रमागांचा आवाज रात्रंदिवस थांबत नाही. उत्तर प्रदेशातून, तेलंगणातून, कोकणातून आलेल्या हातांनी हे गाव विणले आहे. नुसत्या आवाजावरून कुठला माग बिघडला हे सांगणारा जॉबर इथे आहे. साईझिंगची खळ पावसाळ्यात किती दाट ठेवायची हे हाताला ठाऊक असलेला कारागीर आहे. मंदी, दंगल, पूर, वीजटंचाई यांतून घर आणि कारखाना सावरलेल्या बाया आहेत. हे सगळे लढले आहेत. त्यांनी कारभारही केला आहे. पण त्यांना काय कळले, हे कुणी लिहून ठेवलेले नाही. ती माणसे जातात तेव्हा त्यांच्याबरोबर ते शहाणपणही खाक होते आणि पुढच्या पिढीला तीच चूक नव्याने विकत घ्यावी लागते.

आपल्याला वाटते, लेखन हे निवांत माणसाचे काम. पंतांना निवांतपणा कधी मिळाला? त्यांनी आयुष्याच्या अगदी टोकाला, वारस कोवळा असताना आणि स्वतःच्या हातून झालेल्या चुका समोर दिसत असताना लिहिले. राज्य राखणे हे त्यांचे काम होते आणि लिहून ठेवणे हा त्याच कामाचा शेवटचा भाग होता. नाहीतर राखलेले फक्त स्वतःपुरतेच राहते.

म्हणून गुरुजींच्या स्मरणार्थ मी तुमच्याकडे एकच गोष्ट मागतो. तुमच्या घरात साठी ओलांडलेले कुणी असेल, तर या आठवड्यात त्यांच्याजवळ तासभर बसा. त्यांना विचारा की कामात काय चुकले आणि त्यातून काय कळले. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. मराठी, उर्दू, तेलुगू, हिंदी, ज्या भाषेत ते बोलतील त्या भाषेत. केराचे सांगितले तर केराचे लिहा, आंब्याच्या झाडाचे सांगितले तर आंब्याच्या झाडाचे लिहा. पंतांनी काही क्षुल्लक म्हणून वगळले नव्हते.

गुरुजींच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांना भेटायला गेलो होतो. खाटेवर उशीपाशी एक वही होती. पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या हाताने तेच तीन रकाने आखले होते आणि वर आपले स्वतःचे नाव लिहिले होते. तिसऱ्या रकान्यात काही नव्हते. ती वही आज माझ्याकडे आहे. आज इथे जे बोललो ते मी काल रात्री त्या रकान्यात लिहायला घेतले, आणि पुढची पाने तुमच्यासाठी मोकळी ठेवली आहेत.